घोटा, वजनकाटा आणि मी

प्रिय पमे,

परवा तू व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंस, "काय गं, चालायला लागलीस का?" आणि मी अंगठा टाकून "हो की" म्हणून मोकळी झाले. ते अगदी खोटं नव्हतं पण खरंही नव्हतं. चालते, पण कशी चालते हे टाइप करत बसायला जीवावर येतं, म्हणून आज रविवारचं निवांत पत्रच लिहायला घेतलंय. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

पडले कशी ते तुला माहितीये, तरी परत सांगते कारण मला अजून त्याचा राग येतो. बारा-तेरा वर्षं वेताळ टेकडी चढतेय, राजगडाला गुंजवण्याच्या बाजूने चोर दरवाज्यातून भर पावसात वर गेलेय, कधी साधं खरचटलं नाही. आणि पडले कुठे तर आमच्याच बिल्डिंगच्या खालच्या दोन पायऱ्यांवर, ओल्या फरशीवर, हातात कोथिंबिरीची जुडी आणि दुधाच्या पिशव्या. पाय आत मुडपला, वरून सगळं वजन आलं, कट्‌ असा आवाज झाला आणि पाऊल बघितलं तर ते भलतीकडेच तोंड करून होतं. दूध फुटलं नाही, हे आई अजून सगळ्यांना सांगते.

बायमॅलिओलर फ्रॅक्चर म्हणतात त्याला, म्हणजे आतला आणि बाहेरचा असे दोन्ही घोटे तुटले. मला वाटलं रात्रीच ऑपरेशन करतील, तर सूज इतकी होती की कातडी ताणून चकाकत होती, अशा कातडीवर चिरा दिला तर जखम नीट भरत नाही म्हणून तीन दिवस पाय नुसता उशांवर टांगून ठेवला. मग पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं सगळं बधिर केलं. ड्रिलचा आवाज ऐकू येत होता गं, आपल्याच घरात शेजारी भिंतीला भोकं पाडतोय तसा, फक्त भिंत मीच. बाहेरच्या हाडाला एक प्लेट आणि सात स्क्रू, आतल्या बाजूला दोन लांब स्क्रू. बिल आणि मेडिक्लेमचं रामायण भेटल्यावर सांगेन, त्याने पत्र नासेल.

मग सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचाच नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण आमची बिल्डिंग जुनी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. ड्रेसिंगला, टाके काढायला, एक्स-रेला जायचं तर मी बसून उतरायचे, अक्षरशः ढुंगणावर, एकेक पायरी, छत्तीस पायऱ्या, नवरा पुढे पाय धरून आणि आई मागे वॉकर घेऊन. वॉचमनकाका बिचारे दर वेळी गेटकडे तोंड करून उभे राहायचे, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. अंघोळ म्हणजे प्लॅस्टिकचं स्टूल आणि प्लास्टरला कचऱ्याची काळी पिशवी रबर लावून बांधलेली. आणि खरा छळ कशाचा माहितीये? चहाचा. वॉकर असो नाहीतर कुबड्या, दोन्ही हात अडकलेले, मग ओट्यावरचा कप हॉलपर्यंत नेणार कसा? चहा करता यायचा पण नेता यायचा नाही. पंधरा दिवस ओट्याला टेकून एका पायावर बगळ्यासारखी चहा प्यायले, मग लेकीने तिची शाळेची जुनी बाटली आणि शबनम पिशवी दिली, ती गळ्यात अडकवून चहाची ने-आण सुरू झाली. बेचाळिसाव्या वर्षी गळ्यात वॉटरबॅग.

भेटायला येणाऱ्यांनी औषधं इतकी सांगितली की वहीच घालायला हवी होती. कोणी पाया सूप, कोणी हळद-तुरटीचा लेप, शेजारच्या काकूंनी तर कुंडीतली कांडवेल तोडून आणली, हाडं सांधतात म्हणून चटणी कर म्हणाल्या. केली. चिंच कमी पडली, दोन दिवस घसा खाजत होता. डॉक्टरांना विचारलं तर ते हसून म्हणाले, कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिन घ्या आणि वेळ द्या.

सहाव्या आठवड्याला एक्स-रेत हाड भरत आलेलं दिसलं, प्लास्टर निघालं आणि आतून जो पाय निघाला तो माझा नव्हताच. पोटरी वाळलेल्या पडवळासारखी, कातडीचे पापुद्रे, केस मात्र भरघोस. डॉक्टर म्हणाले आता वजन टाकायला सुरुवात करा. मी म्हटलं टाकते. आणि पमे, उभी राहिले वॉकर धरून, आणि पाऊल उचलायचं कसं तेच आठवेना! खरंच सांगते, टाच आधी की बोटं आधी, गुडघा कधी वाकवायचा, काही म्हणजे काही सुचेना. लेक नऊ महिन्यांची असताना धरून चालवायचे तेव्हा ती निदान उत्साहात तरी होती, मी दरदरून घामाने भिजले होते.

फिजिओ घरी यायची. पंचविशीची मुलगी, ताई ताई म्हणत गोड बोलून भयंकर गोष्टी करून घ्यायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "ताई, घरात वजनकाटा आहे?" तर आहे, वजन कमी करायला आणलेला, पलंगाखाली धूळ खात. तिने तो बाहेर काढला, दुखरा पाय त्यावर ठेवायला लावला आणि म्हणाली, काटा दहावर येईपर्यंतच दाबा आणि तो दाब पायाला पाठ करा. दहा किलो म्हणजे किती ते पायाला कळायला हवं, मग चालताना तेवढाच भार टाकायचा, बाकी सगळा तळहातांवर (काखेत कुबडी दाबायची नाही, तिथल्या नसा दबतात). पुढच्या आठवड्यात वीस, मग तीस. आयुष्यात पहिल्यांदा काटा वर सरकल्याचा आनंद झाला मला.

आणि मग तिने एक दिवस खोड काढली. शेजारणीचा काटा मागवला, दोन्ही शेजारी ठेवले, एकावर डावा पाय एकावर उजवा, आणि म्हणाली डोळे मिटा, दोन्हीवर सारखं वजन घेऊन उभ्या राहा, झालं की सांगा. मी नीट चाचपून, अगदी मधोमध वाटल्यावर म्हटलं, झालं. डोळे उघडले तर डावीकडे चाळीस, उजवीकडे बावीस. शपथ सांगते, मला सरळ उभी असल्यासारखंच वाटत होतं. दुखतही नव्हतं गं तेव्हा. म्हणजे हाड जुळलेलं, दुखणं गेलेलं, पण डोक्याने परस्पर ठरवून टाकलं होतं की या पायावर भरवसा ठेवायचा नाही, आणि मला विचारलंसुद्धा नव्हतं. मी तिच्यासमोरच रडले. दुखून नाही, फसवलं गेल्यासारखं वाटून. ती म्हणाली, लंगडणं ही आता सवय आहे ताई, हाडाचं काम हाडाने केलं.

तेव्हापासून रोज सकाळी पेस्ट-ब्रश तोंडात आणि दोन काट्यांवर उभी. शेजारीण तिचा काटा परत मागायची ते बंदच झाली. मागच्या आठवड्यात बत्तीस-तीस आला. नवरा म्हणतो बेरीज मात्र बासष्टच राहिली, कमी कधी होणार. त्याला दुखऱ्या पायानेच लाथ घातली.

बाकी व्यायाम म्हणजे पायाच्या बोटाने हवेत अक्षरं काढायची. तिने एबीसीडी सांगितली होती, मी अ आ इ ई काढते, 'ऋ' आणि 'ळ' ला घोटा छान फिरतो. भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब आहे ते पट्टीने मोजायचं. चांगल्या पायाचे अकरा सेंटीमीटर, या पायाचा सुरुवातीला एक, आता सात. सातावर गाडी तीन आठवडे अडकलीये.

जिन्याचं गणितही मला आत्ता कळलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मला वाटायचं उतरताना जो पाय खालच्या पायरीवर जातो त्याला त्रास, तर तसं नाहीये, वर मागे राहिलेला पाय असतो ना, त्याचा घोटा खूप वाकावा लागतो आणि सगळं अंग त्यानेच हळूहळू खाली सोडायचं असतं. आपण बेचाळीस वर्षं हे करतोय आणि पत्ताच नाही. आणि काठी दुखऱ्या बाजूला नाही, उलट्या हातात धरायची, हे तुझ्या सासूबाईंना पण सांग, त्या चुकीच्या हातात धरतात.

गणपतीत मात्र वाईट वाटलं. नुकतं वजन टाकायला लागले होते, वॉकर सोडता येईना, त्यामुळे आरतीला टाळ्यासुद्धा वाजवता येईनात, नुसती तोंडाने ओरडत होते. प्रसादाला सगळे खाली पंगतीत आणि मी एकटी वर खुर्चीत, अध्यक्षांसारखी.

आताची खरी परिस्थिती अशी. काठी सुटली. सपाटीवर दोन-अडीच किलोमीटर चालते. संध्याकाळी घोटा सुजतो, मोज्याच्या इलॅस्टिकची खूण रात्रीपर्यंत जात नाही. सकाळचं पहिलं पाऊल लाकडी, बाथरूमपर्यंत जाईस्तोवर सैल होतं. पावलाच्या वरच्या बाजूला हाताएवढा पट्टा बधिर आहे, डास बसला तरी कळत नाही, तो येईल हळूहळू किंवा नाही येणार. एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली की अजून जमत नाही, मेंदू हुकूम सोडतो आणि पोटरी नुसती थरथरते. मांडी घालता येत नाही. उकिडवं बसणं तर विचारूच नकोस. आणि ओली फरशी दिसली की, काय सांगू, मी दरवाज्यात थिजते, लेक फडकं घेऊन पुढे येते, काही न बोलता पुसते आणि मग मी जाते. याला कुठलाच काटा नाही.

पण गंमत ऐक. परवा मी भाजी घेऊन आले, लॅच उघडून आत आले, स्वयंपाकघरातून आईने ओरडून विचारलं, "कोण आलं गं?" मी म्हटलं, मीच. ती बाहेर आली, माझ्या पायांकडे बघत राहिली. इतके महिने माझा टक-टप, टक-टप आवाज ऐकून तिला दारातूनच कळायचं. काही बोलली नाही, भाजीची पिशवी घेतली आणि म्हणाली, कोथिंबीर विसरलीस.

टेकडीचं विचारू नकोस, फिजिओ म्हणते फेब्रुवारीनंतर बघू. चढणं जमेलही, मला उतरायचीच भीती आहे. डिसेंबरात मी नाशिकला येतेच आहे, ते मात्र नक्की. तुमचा तो जमिनीवर पाट मांडायचा थाट माझ्यासाठी ठेवू नकोस, एक खुर्ची दे. आणि तुमच्या बाथरूममध्ये ती गुळगुळीत टाइल आहे ना, तिथे आधीच एक रबरी मॅट टाकून ठेव बाई.

तुझीच,
लंगडी (बत्तीस-तीस)