सुटलेल्या एका टाक्याबद्दल आभार

गिलियन गिल्बर्ट यांस,
सप्रेम नमस्कार.

न्यू ऑर्डर या तुमच्या ब्रिटिश बँडचा विषय निघाला की गप्पा बर्नार्ड समनरचा गळा आणि पीटर हुकचा वरच्या पट्टीतला बेस गिटार यांच्यावरच संपतात. तुमच्या वाट्याला 'कीबोर्ड वाजवायच्या' एवढंच. सिक्वेन्सर (भरलेले स्वर ओळीने वाजवणारं यंत्र) लावत बसणाऱ्या आम्हा मंडळींना हे खटकतं, म्हणून हे जाहीर पत्र.

मे १९८० मध्ये गायक इयन कर्टिस गेले, त्यांचा बँड जॉय डिव्हिजन थांबला. उरलेले तिघे न्यू ऑर्डर झाले, त्यांना तुम्ही ऑक्टोबरात येऊन मिळालात. १९८२ मध्ये 'ब्लू मंडे' हे गाणं घडत होतं तेव्हा मिडी (वाद्ययंत्रांची एकमेकांशी बोलायची सामाईक भाषा) रुळलेलं नव्हतं. ठोका ओबरहाइम डीएमएक्स या ड्रम मशीनचा, बेस मूग सोर्स या सिंथेसायझरचा, आणि सिक्वेन्सर समनर यांनी किट आणून स्वतः जोडलेला. या यंत्रांचा ताल एकमेकांना कळावा म्हणून निराळं सर्किट करून घ्यावं लागलं.

त्या सिक्वेन्सरमध्ये अख्खं गाणं एकेक स्वर करून भरलंत तुम्ही. ए-फोर कागद चिकटपट्टीने जोडत नेलेली ती यादी स्टुडिओच्या लांबीएवढी झाली होती, स्वेटरच्या विणीचा नमुना असावा तशी. आणि त्यात एक टाका सुटला.

सलग यादीतून स्वर गळला की तिथे भोक पडत नाही, त्याच्यानंतरचे सगळे लवकर येतात. १३० बीपीएमला (मिनिटाला १३० ठोके) एक ठोका सुमारे ४६१ मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग ११५. एवढ्याशा फरकानेही सुरावट ठोक्याला तिरकी पडते, आणि कान तिच्या मागे लागतो. ती तशीच ठेवलीत, याचे विशेष आभार.

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये हे करून पाहणाऱ्यांची चूक ठरलेली: सुरावटीबरोबर बेसही सरकवतात. मग तिरकेपणा उरतच नाही, कारण तो मोजायला बेस जागेवर लागतो. किक (ढोलाचा मुख्य ठोका) आणि बेस हलवू नका. फक्त सुरावट एका सोळांशाने, म्हणजे पाव ठोक्याने, अलीकडे घ्या. स्वर ठोक्यांच्या चौकटीत बसवणारा क्वांटाइझ मात्र बंद ठेवा, नाहीतर हाताने सैल वाजवलेलं सगळं तो गुपचूप सरळ करतो.

'ब्लू मंडे'ची साडेसात मिनिटांची ती बारा इंची तबकडी मार्च १९८३ मध्ये आली. 'टेक्निक' या अल्बमपर्यंत (१९८९) बँड इबिझा या स्पॅनिश बेटावरच्या नाचघरांत पोचला होता. २००१ मध्ये घरच्या जबाबदारीसाठी तुम्ही बाजूला झालात, २०११ मध्ये परतलात. आणि 'म्युझिक कम्प्लीट' या अल्बममध्ये (२०१५) सिंथेसायझर पुन्हा पुढे आले. तेही तुमच्याच खात्यावर मांडतो.

आपले,
सिक्वेन्सरवाले