ट्रॉलीभर शेण

बेळगाव,
१३ सप्टेंबर

प्रिय सुऱ्या,

गणपतीला आला नाहीस म्हणून मी रागावलो होतो. तुला ते कळावं म्हणून फोनही केला नाही. तुला कळलंच नाही, सगळा राग फुकट गेला. तब्येत बरी, गुडघा अधूनमधून बोलतो.

लिहायला बसलो ते शेणापायी. शाळेच्या बागेला ट्रॉली भरून शेण मिळालं. फुकट, नारळ फोडून, फोटो काढून. कुणाच्या गोठ्यातलं ते लिहीत नाही. ट्रॉलीच्या मागं काय रंगवलंय एवढं सांगितलं तरी तू ओळखशील. सगळं शेण त्याच दिवशी वाफ्यांवर ओतलं, वीतभर थर.

आता हिशेब बघ. आपले दहा वाफे, तीन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद. रुंदी मुद्दाम कमी, दुसरीतल्या पोराचा हात दोन्हीकडून मधोमध पोचावा म्हणून. नाहीतर ती वाफ्यातच पाय देतात आणि माती दाबली जाते. भाजीला हेक्टरी २० ते २५ टन कुजलेलं खत धरतात, म्हणजे चौरस मीटरला दोन-अडीच किलो. सगळ्या बागेला ५०-५५ किलो पुष्कळ झालं, वाफ्याला घमेलंसुद्धा भरत नाही. आणि इथं ट्रॉली! तीही कच्ची. काड्या दिसत होत्या, जवळ गेलं की डोळे चुरचुरत होते. कडोलीच्या भाजीवाल्यानं असलं शेण बांधावरही घेतलं नसतं.

पंधरा दिवसांत मेथीच्या पानांच्या कडा करपल्या, तो शेणाचा चटका. मग वांग्याची रोपं दुपारी माना टाकायला लागली, माती ओली असून. मुख्याध्यापक म्हणाले मूळकूज. मूळकूज असती तर मुळं तपकिरी, लिबलिबीत झाली असती, वास आला असता. हे रोप धरलं की अलगद हातात येतंय आणि खाली मूळच नाही, कुरतडून साफ. हुमणी. चहूकडं ऊस, तिथं ती नसेल कशी?

वीतभर उकरलं तर पहिल्याच वाफ्यात अकरा अळ्या. कन्नड शाळेतली पोरंही बघायला आली, ती म्हणाली ‘गोण्णे हुळू’. गोण्णे म्हणजे शेंबूड हे कळल्यावर आपल्या पोरांनी तेच नाव धरलंय, हुमणी कुणी म्हणतच नाही. पण शेणातली प्रत्येक पांढरी अळी मुळं खाणारी नसते. अकराच्या अकरा फरशीवर ठेवल्या. चार पाठीवर उताण्या होऊन सरसर चालायला लागल्या, पाय वर हवेत! त्या शेण-पाचोळा खाणाऱ्या, खत करणाऱ्या, त्या खड्ड्यात परत सोडल्या. बाकीच्या सात इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकून कुशीवर पडून राहिल्या, त्यातली हुमणी. त्या साबणाच्या पाण्यात. तिसरीतल्या पोरी आता फरशी घेऊनच उकरायला बसतात.

हे सगळं निभलं असतं रे. रोज उकरायचं, वेचायचं, उकरलेल्या मातीवर साळुंक्या आणि कोंबड्या येतातच. काळजी वेगळीच आहे. तुझ्या त्या दानशूरानं हुमणीवर उपाय म्हणून दाणेदार औषधाचा पुडा आणून दिलाय. जुना, घरात उरलेला. वरचं नाव पुसट आहे, पण वास तुला-मला पाठ आहे. फोरेट. २०२० च्या अखेरीपासून देशात बंद. बंद नसतं तरी काय? ते मुळातून पानात चढतं. मेथी महिन्याभरात निघते आणि सरळ बिसीऊटच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, सांबारात जाते. धुऊन उतरणारी गोष्ट नव्हे ती. आणि पोरं त्याच मातीत उघड्या हातानं. पुडा सध्या तांदळाच्या पोत्यांशेजारी कपाटात आहे. मावशींना सांगून किल्ली मी खिशात ठेवलीय. तुमच्या माळावरचं रेडकू आठवतं ना? मला ती बादली अजून दिसते. म्हणून तुलाच लिहितोय, इथं कुणाला सांगितलं तर ‘एवढं काय त्यात’ म्हणतात.

शेणाचं मी बघतो. वाफ्यांवरचं सगळं खरवडून शेडमागं मीटरभर उंचीचा ढीग, मध्ये मध्ये आंब्या-फणसाचा वाळका पाचोळा, वर ताडपत्री. नाहीतर आपल्या पावसात सगळा कस तपकिरी पाणी होऊन गटारात. पंधरा दिवसांनी पालटायचं. ओल किती, तर मुठीत दाबल्यावर हात ओलसर व्हावा, पाणी ठिबकू नये. लोखंडी सळई आत खुपसून दहा मिनिटांनी काढायची. हाताला गरम लागली तर अजून शिजतंय. पालटूनही गरम होईना आणि मातीचा वास आला की तयार. संक्रांतीपर्यंत होईल. हुमणीला मारणारी मेटारायझियमची बुरशी त्यात मिसळायची, त्यासाठी मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारणार आहे. सावकाश काम करते ती, ओल लागते, पण पोरांच्या हाताला चालते. पुढच्या वळवाला हुमणीचे भुंगेरे कडुलिंबावर बसायला लागले की दिव्याखाली पाण्याची पाटी ठेवायची, अंडी घालायच्या आतच.

हां, मुळ्याचं राहिलं. एकीनं मुळा उपटून बघितला आणि परत खोचला. तुझीच जात! पण शेजारचे न उपटलेले काढले, तर त्यांनाही तीन-तीन पाय. कच्च्या शेणात मूळ असंच फाटतं. म्हणजे पाचवीत माझा मुळा फाटला तो तू उपटल्यामुळं नसावा. शेण आमच्याच गोठ्यातलं होतं. तरी उपटलास ते उपटलासच.

वैनींचं ऑपरेशन कधी? पोराची बारावी म्हणजे घरात कर्फ्यू असणार. नवीन घराचं काय झालं?

तर रविवारी त्याला फोन कर. माझं तो ऐकणार नाही, मी ‘फुकटचा मास्तर’. तू थोरला पडतोस. शेणाबद्दल आभार मान, पोरं खूश आहेत म्हण, आणि पुडा तुझा तू घेऊन जा म्हण. कुठं टाकू नको, ओढ्यात तर नकोच. सोमवारी प्रार्थनेनंतर तो स्वतः दाणे पेरायला येणार आहे. किल्ली माझ्याकडं आहे, पण कपाटाचं दार पत्र्याचं आहे.

तुझा,
बाळ्या