सायटिक नसेची वेगळी ठेवण आणि सायटिका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऊसतोडीहून परतलेले मजूर आणि दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बायका यांच्यात कंबरेतून पोटरीपर्यंत उतरणारी कळ, म्हणजेच सायटिका, ही मराठवाड्यात नेहमीची तक्रार आहे. त्यातच एखाद्याच्या खुब्याच्या एमआरआय अहवालात ‘सायटिक नस वरच दुभंगलेली आहे’ असे वाक्य आले, की ‘नस जन्मतःच वाकडी, आता ऑपरेशनच’ असे घरचे धरून चालतात. शरीररचनाशास्त्राचा निवृत्त शिक्षक या नात्याने त्याविषयी लिहीत आहे.

शरीरातली ही सर्वांत जाड नस बहुतेकांत कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस या खोल स्नायूच्या खालून एकसंध बाहेर पडते आणि साधारणतः गुडघ्याच्या मागे, थोडे वर, तिचे दोन फाटे होतात. विच्छेदनाच्या टेबलावर मात्र कुल्ल्याचा मोठा स्नायू बाजूला सारल्यावर कधी कधी तिचा एक फाटा पिरिफॉर्मिसला भेदून आणि दुसरा त्याच्या खालून निघालेला दिसतो. असे काही हाती लागले, की विद्यार्थी शेजारच्या टेबलांवरच्या सोबत्यांना हाका मारून बोलावतात. बीटन आणि अँसन या शरीररचनाशास्त्रज्ञांनी १९३७ साली या रचनांचे सहा प्रकार मांडले.

ही ठेवण दुर्मीळ नाही. २०१० साली सहा हजारांहून अधिक मृतदेहांच्या पायांवरील नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा ती सुमारे १७ टक्क्यांत आढळली; पिरिफॉर्मिस सिंड्रोमसाठी (या स्नायूखाली नस दाबली जाऊन होणाऱ्या दुखण्यासाठी) शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांतही प्रमाण सुमारे १६ टक्केच निघाले. वेगळी ठेवण हेच दुखण्याचे मूळ असते, तर रुग्णांत ती कितीतरी अधिक दिसायला हवी होती. सायटिकाचे नेहमीचे कारण मणक्यातील सरकलेली गादी हे आहे, आणि ते दुखणे बहुतेकांत काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते. पाऊल लटके पडणे, लघवी अडणे किंवा बैठकीची जागा बधिर होणे, यांपैकी काही झाले तर मात्र बिब्बा-डागणीत वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

या रचनेचे महत्त्व खुब्याच्या शस्त्रक्रियेत आणि पाय बधिर करण्याच्या इंजेक्शनात आहे, कारण फाटे वेगळे असतील तर एकच बधिर होऊन दुसरा जागा राहू शकतो. (साध्या तापाची सुई कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागाऐवजी भलतीकडे टोचली, तर नेहमीच्या ठेवणीची नसही सुटत नाही.)

रेडिओलॉजिस्टांना विनंती, की असे वाक्य अहवालात लिहिताना ‘ही ठेवण अनेक निरोगी माणसांतही आढळते’ एवढी मराठी ओळ खाली जोडावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, लातूर