आरोग्याची आकडेवारी ग्रामसभेत वाचली जावी

महोदय,
मेळघाटातील बालमृत्यूंची चर्चा दर पावसाळ्यात होते; पण कोणत्या गावात सुधारणा झाली आणि कोणत्या गावात ती थांबली, हे सांगणारी एकत्रित माहिती गावकऱ्यांच्या हाती येत नाही. अंगणवाडी सेविका बालकांचे वजन व उंची ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी अ‍ॅपवर भरते, आशा कार्यकर्ती गरोदर मातांच्या नोंदी वेगळ्या ठेवते आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा मासिक अहवाल तिसऱ्याच प्रणालीत जातो. घर मात्र एकच असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात वाढ खुंटलेल्या पाच वर्षांखालील बालकांचे प्रमाण 2015-16 मध्ये 34.4 टक्के, तर 2019-21 मध्ये 35.2 टक्के होते. इतक्या योजनांनंतरही हा आकडा घटू नये, हे वेदनादायक आहे. शिवाय ही पाहणी जिल्ह्यापर्यंतच उतरत असल्याने मेळघाटातील धारणी-चिखलदरा या तालुक्यांचे चित्र अमरावती जिल्ह्याच्या सरासरीत बुडून जाते.

राज्यात 2007 पासून अमरावती, नंदुरबार, ठाण्यासह काही जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. आरोग्य सेवांना गुण देणारी, गावाने भरलेली गुणपत्रके जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडली गेली. हा अनुभव हाताशी असताना नवे काही शोधण्याची गरज नाही. माता-बालकांची नावे वगळून तिन्ही नोंदी गावनिहाय एकत्र कराव्यात, दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत, मेळघाटात तर कोरकू भाषेतूनही, वाचून दाखवाव्यात आणि मृत्यूची खरी नोंद करणाऱ्या सेविकेवर कारवाई होणार नाही, असा लेखी आदेश काढावा, ही शासनाला कळकळीची विनंती.

– एक वाचक, अमरावती