नवे वूफर आणण्याआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

गाडीच्या डिकीतले दोन्ही १२ इंची सबवूफर (फक्त बास वाजवणारे मोठे स्पीकर) गेले आणि येत्या रविवारी नवे बसवायचे आहेत, असं तू कळवलंस. नवे आण, पण त्याआधी जुने कशाने गेले ते शोध. कारण तसंच राहिलं तर नवेही त्याच वाटेने जातील.

जुने वूफर बॉक्समधून काढून वायरी सोडव. मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेव आणि आधी त्याची दोन टोकं एकमेकांना लाव. ०.२ ते ०.४ असा काहीतरी आकडा येईल. तो मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स आहे, पुढच्या प्रत्येक मापातून तो वजा करायचा. मग कॉइल, म्हणजे वूफरमागची तारेची गुंडाळी, मोज. ४ ओहमची धडधाकट कॉइल मीटरवर ३.२ ते ३.७ दाखवते आणि २ ओहमची साधारण १.६ ते १.९. छापील आकड्यापेक्षा हे कमी असतं, त्यात बिघाड काही नाही. आकडाच येत नसेल तर कॉइल तुटली आहे. कोन (वूफरचा पुढचा हलणारा पडदा) हलवल्यावर आकडा येतो-जातो असं होत असेल तर टर्मिनलपासून कोनकडे जाणारी विणलेली बारीक तार मोडली आहे. आकडा खूपच खाली आला असेल तर कॉइलवरचं वार्निश जळून वेढे आपसात चिकटलेत. शेवटी दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून तो अगदी सरळ, हळूच आत दाब. खरखर लागली की कॉइल चुंबकाला घासते आहे असं समज.

कॉइल जळाली असेल, नाकाला करपट वास येत असेल, तर बहुतेक वेळा दोष अँपच्या (अँप्लिफायरच्या) गेनचा, म्हणजे आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या बटणाचा. गेन नको तितका वर आणि त्यात बास बूस्ट चालू, म्हणजे सिग्नलची शिखरं कापली जातात. अशा कापलेल्या सिग्नलमधून कॉइलला सरासरी वॅट फार जास्त मिळतात आणि निवायला उसंत मिळत नाही. कॉइल शाबूत, पण कडेचा रबर फाटलाय किंवा कॉइलचं नळकांडं खाली आपटून चेमटलंय, असं दिसलं तर कोन मर्यादेबाहेर हलत होता. पोर्टच्या, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेल्या, बॉक्समध्ये हे हमखास होतं. बॉक्स ३५ हर्ट्झला ट्यून केलेला असेल, म्हणजे पोर्ट त्या स्वराला जुळवलेला असेल, तर त्याखालच्या स्वरांना आतली हवा कोनला धरून ठेवत नाही, तो मोकाट हलतो. त्यासाठी अँपवरचा सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे स्वर अडवणारा) ट्यूनिंगच्या थोडा खाली लावावा लागतो.

आणखी एक शक्यता आहे, ती लोक तपासतच नाहीत: अँपच बिघडलेला असणं. वूफर न जोडता अँप चालू कर, गाणं लावू नकोस, आणि स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोज. काही मिलिव्होल्ट आले तर काळजी नाही. एक-दोन व्होल्ट किंवा जास्त दिसले तर अँप आधी दुरुस्तीला दे. तो डीसी नव्या कॉइलमधून सतत वाहून ती बघता बघता जाळेल.

आता निवडीचं. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट बघू नकोस, फक्त आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे वॅट, बघ. तुझा मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा अँप) २ ओहमला ५०० वॅट आरएमएस देतो आणि त्याच्या खाली जायचं नाही असं त्याच्यावरच लिहिलंय, म्हणजे दोन वूफरना प्रत्येकी २५० येतात. २५० ते ३५० आरएमएस झेपणारा वूफर घे. थोडा जास्त झेपणारा चालतो. कमी झेपणारा घेऊन जपून वाजवू म्हणशील, पण ते जपणं टिकत नाही.

खरी मेख ओहममध्ये आहे. दुकानात सगळ्यात आधी पुढे येतो तो ड्युअल ४ ओहमचा वूफर, म्हणजे एकात ४-४ ओहमच्या दोन कॉइल. एकच वूफर असता तर दोन्ही कॉइल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) करून बरोबर २ ओहम मिळाले असते. पण तसे दोन घेतलेस तर २ ओहम काही केल्या येत नाहीत. चारही कॉइल पॅरलल केल्या तर १ ओहम होतो. अँप प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडेल, नाहीतर त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर जातील. प्रत्येकाच्या कॉइल सिरीज (एकामागे एक) करून दोन्ही वूफर पॅरलल केले तर ४ ओहम, कॉइल पॅरलल करून वूफर सिरीज केले तरी ४ ओहमच. ४ ओहमवर अँप सुरक्षित, पण त्याच्याकडून साधारण निम्मीच ताकद निघते.

म्हणून तुला दोनच वाटा आहेत: सिंगल ४ ओहमचे दोन वूफर पॅरलल, किंवा ड्युअल २ ओहमचे दोन, प्रत्येकाच्या कॉइल सिरीज आणि मग दोघे पॅरलल. दोन्हींत २ ओहमच येतात. मला सिंगल ४ ओहमवाला बरा वाटतो, जोड कमी म्हणजे चुकायला जागा कमी. आणि एकच वूफर गेला असता तरी मी दोन्ही सारखेच बदलायला सांगितले असते. एकाच बॉक्समध्ये दोन जातीचे वूफर असले की ताकद सारखी वाटली जात नाही आणि एक जण दुसऱ्याला ढकलत बसतो.

बॉक्स ठेवायचा असेल तर तो मोज. लांबी, रुंदी, खोली आतून सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला १००० ने भागलं की लिटर आले. मागची फळी तिरकी असेल तर वरची आणि खालची खोली मिळवून निम्मी कर. समजा आतून ७५ × ३४ × ३२ आहे, तर ८१.६ लिटर. मधल्या १८ मिलिमीटरच्या फळीचे सुमारे २ लिटर वजा केले की एकेका वूफरला ४० च्या जरा खाली, आणि वूफरचं चुंबक-फ्रेम जी जागा खातं तीही त्यातून वजा. वूफरच्या कागदावर किती लिटरचा बॉक्स हवा, बंद की पोर्टचा, हे दिलेलं असतं. तुझा बॉक्स यातला कोणता आहे ते तू लिहिलं नाहीस. बंद असेल तर पाच-सात लिटर इकडेतिकडे झाले तरी निभावतं. पोर्टचा असेल तर तेवढी सूट नाही, कारण लिटर बदलले की ट्यूनिंगही बदलतं. भोकाचा व्यास आणि बसवण्याची खोलीही जुळव. सगळे १२ इंची वूफर एकाच भोकात बसत नाहीत, दोन-चार मिलिमीटरसाठी अडतं.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडव. ड्युअल २ चे घेतलेस तर जोडणी अशी: पहिल्या कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला. मोकळे राहिलेले पहिलीचा प्लस आणि दुसरीचा मायनस, हे बाहेर काढायचे. दुसऱ्या वूफरचंही तसंच. मग प्लसला प्लस, मायनसला मायनस. अँपवर स्पीकरच्या टर्मिनलच्या दोन जोड्या असतील, पण मोनोब्लॉकमध्ये त्या आतून जोडलेल्या असतात. दोन वूफर दोन जोड्यांना लावले तरी ते पॅरललच, वेगळं काही होत नाही. वायर १२ गेजची शुद्ध तांब्याची घे (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड).

अँपला जोडण्याआधी दोन्ही वायरींच्या टोकांवर मीटर लाव. १.६ ते १.९ आलं तर बरोबर. ०.८ च्या आसपास आलं तर एका वूफरच्या कॉइल पॅरलल झाल्यात. ७ च्या आसपास आलं तर दोन वूफरच एकामागे एक जोडलेत.

एक चूक मात्र मीटर पकडत नाही. कॉइलची दिशा उलटी झाली तरी आकडा बरोबरच येतो. त्यासाठी १.५ व्होल्टचा साधा सेल घे आणि वायरींना क्षणभर टेकव, प्लसला प्लस. दोन्ही कोन एकदमच बाहेर सरकले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर बास एकमेकांना खाऊन टाकेल. एखादा कोन जागचा हललाच नाही, तर त्याच्या दोन कॉइल उलट दिशेने ओढताहेत. तसा वूफर अँपला लावलास तर आवाज न करता नुसता तापून जळेल.

बसवताना पेचकस सटकून कडेच्या रबरात घुसतो, नव्या वूफरला भोक पडायची ही सगळ्यात सोपी रीत. रबरावर एका हाताचा तळवा आडवा धर. आधी बारीक ड्रिल मार, मग स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. फ्रेमखाली फोमची टेप हवीच. सांधे सिलिकॉनने बुजवलेस तर पूर्ण २४ तास सुकू दे, त्याची वाफ रबराला आणि चिकटवलेल्या जोडांना बाधते.

पॉवरची वायर जुनीच राहणार असेल तर एकदा हिशोब कर. ५०० वॅट, क्लास डी अँपची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर १३.८ व्होल्टला सुमारे ४५ अँपिअर होतात. ५ मीटरच्या ८ गेज तांब्याच्या वायरीत एवढ्याने जवळपास अर्धा व्होल्ट पडतो, ४ गेजमध्ये ०.२ च्या आत. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर त्याच जाडीची दिसते, पण त्याहून बरीच कमी वाहते. ६० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत लाव. तो अँपसाठी नसतो, वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. इंजिनकडून आत येताना वायरीला रबरी ग्रोमेट विसरू नकोस. अर्थिंग तेवढ्याच जाडीच्या वायरीने, आखूड, पॉलिशपेपरने रंग खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्यावर. बोल्ट आवळल्यावर वरून रंगाचा हात दे, म्हणजे गंजणार नाही. सीट बेल्टच्या बोल्टला हात लावू नकोस. सिग्नलच्या केबल गाडीच्या दुसऱ्या बाजूने ने.

शेवटी गेन. वूफर सोडवून ठेव, बास बूस्ट शून्यावर, लो-पास फिल्टर (ठरवलेल्या हर्ट्झच्या वरचे स्वर अडवणारा) सगळ्यात वर. स्टिरिओचा आवाज पाऊण, आणि ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन लाव. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ५०० × २ चं ३१.६. म्हणून मीटर एसीवर ठेवून ३० व्होल्ट येईपर्यंत गेन हळूहळू वाढव आणि तिथे बटणावर खूण कर. मग टोन बंद करून वूफर जोड, लो-पास ८० हर्ट्झवर आण. चालकाच्या जागी बसून फेजचं (कोनची दिशा उलटवणारं) बटण ० आणि १८० वर फिरवून ऐक, ज्यात बास भरीव येतो ते ठेव.

पहिले काही दिवस मध्यम आवाजात वाजव. पंधरा दिवसांनी वूफरचे स्क्रू आणि अर्थिंगचा बोल्ट पुन्हा एकदा आवळून घे, आणि अँपला जोडण्याआधी मीटरवर नेमका किती आकडा आला होता तो मला कळव.

तुझी आई