आगाखान पॅलेसमध्ये भेटलेल्या बाईंना

नमस्कार बाई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, शाळा कुठली तेही माहीत नाही. लाल एसटीने तुमची सहल आली होती आणि तुम्ही व्हरांड्यात उभ्या राहून सहावीच्या पोरांना "ए, भिंतीला टेकू नका रे" म्हणून ओरडत होतात, एवढ्या खुणेवर हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल का माहीत नाही. पण कुणीतरी ओळखीचं वाचेल आणि तुम्हाला फॉरवर्ड करेल अशी आशा धरून लिहितेय.

मी ती निळ्या कुर्त्यातली, दोन पोरांना ओढत आणणारी. आम्ही कोथरूडकर, वनाजहून मेट्रोने कल्याणीनगरला उतरलो होतो, आणि खरं सांगायचं तर पोरांचा निम्मा उत्साह मेट्रोतच संपला होता. (ती लाइनसुद्धा आधी नगर रोडवरून पॅलेसच्या समोरूनच जाणार होती, संरक्षित स्मारक म्हणून कल्याणीनगरकडून वळवली, हे नंतर नवऱ्याने सांगितलं.) गांधीजींना इंग्रजांनी कैदेत ठेवलं होतं तो हा पॅलेस, पण आत आल्यावर हिरवळ, कमानी, मोठमोठे व्हरांडे, थोरलीने फोटो काढून झाले आणि धाकट्याने लगेच "आता घरी?" सुरू केलं. बोर्ड वाचायचा पेशन्स माझ्या पोरांना नाही, आणि वाचून दाखवायचा मला नाही.

तेवढ्यात तुमच्या वर्गातल्या एका बारक्या मुलाने विचारलं, "बाई, जेल आहे तर गज कुठायत?" आणि माझा धाकटा तिथेच थांबला. कारण त्यालाही तेच विचारायचं होतं!

तुम्ही उत्तर दिलंच नाही. त्याला पायरीवर उभं केलंत आणि म्हणालात, ते गेट दिसतंय ना, समज उद्यापासून पावणेदोन वर्षं तुला त्याच्या पलीकडे जायचं नाही. भोवती काटेरी तार, पहारा. घर हे एवढं मोठं, जेवण मिळेल, झोपायला गादी मिळेल, पण आईला पत्र लिहायचं तर फक्त घरगुती विषयावर, आणि सुरुवातीला पेपरसुद्धा नाही, बाहेर देशात काय चाललंय काही कळणार नाही. "मग राहशील?" पोरगा विचार करून म्हणाला, "मोबाईल?" सगळे हसले, तुम्हीही हसलात. पण नंतर त्या पोराने परत गजांचं नाव काढलं नाही.

मी तुमच्या रांगेच्या शेवटी घुटमळत होते ते तुम्ही बघितलंत. दुसरं कुणी असतं तर नजरेनेच बाजूला केलं असतं, तुम्ही मात्र माझ्या पोरांना "पुढे या रे, मागून काय दिसणार" म्हणालात. आणि आपली पोरं असल्यासारखं थोरलीच्या हातात पाण्याची बाटली देऊन "ही धर जरा" म्हणून कामाला लावलंत. ती त्यावर जी खूश झाली म्हणता! घरी एक ग्लास उचलत नाही.

मग तुम्ही गणित घातलंत, ते तर मी विसरणारच नाही. 1942 च्या 9 ऑगस्टला पहाटे मुंबईत बिर्ला हाऊसमध्ये गांधीजींना पकडलं, स्पेशल गाडीने चिंचवडला आणून तिथून मोटारीने इथे. (चिंचवड म्हटल्यावर तुमची दोन पोरं "आमचं चिंचवड?" म्हणून एवढी चेकाळली की तुम्हाला अर्धा मिनिट थांबावं लागलं.) बरोबर महादेवभाई देसाई, 1917 पासूनचे सेक्रेटरी, वय पन्नास. ते गेले 15 ऑगस्टला. "सांगा, किती दिवस?" पोरांनी बोटं मोजली आणि कुणीतरी ओरडलं, "सहा!" एक मुलगी म्हणाली, बाई त्या दिवशी तर झेंडावंदन असतं. तुम्ही म्हणालात, तेव्हा झेंडा कुठला, ते अजून पाच वर्षांनी. तुम्ही आवाज वगैरे काही पाडला नाहीत, तिखट-मीठ लावलं नाहीत, फक्त एवढं सांगितलंत की गांधीजी "महादेव, महादेव" अशा हाका मारत राहिले आणि मग त्यांनी स्वतःच्या हाताने त्यांना अंघोळ घातली. मी पुण्यात वाढलेली बाई, शाळेत असताना माझीही इथे सहल आली होती, आणि हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. आम्हाला "दोन समाध्या आहेत, नमस्कार करा आणि डबे उघडा" एवढंच आठवतंय.

कस्तुरबांचं पण तसंच. माझ्या डोक्यात त्या म्हणजे फोटोतल्या, पदर घेतलेल्या, गप्प. तुम्ही सांगितलंत की त्या इथे कॅरम खेळायच्या, आणि सत्तरी उलटल्यावर नवऱ्याकडून भूगोल शिकायच्या, आणि धडा लक्षात राहायचा नाही! तुमच्या शेवटच्या बाकावरच्या गँगला केवढं बरं वाटलं ते. डॉ. सुशीला नय्यर इथे त्यांच्याबरोबर कैदेत होत्या, त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय म्हणालात.

मग तुम्ही 1943 च्या फेब्रुवारीतल्या 21 दिवसांच्या उपासाचं सांगितलंत, तेव्हा माझ्या धाकट्याने विचारलं, पाणीपण नाही? त्याला तुम्ही "पाणी घ्यायचे, त्यात मोसंबीचा थोडा रस" असं नीट उत्तर दिलंत, दुसऱ्याचं पोर म्हणून टाळलं नाहीत. आणि पोरं पुढे पळाल्यावर मला हळूच सांगितलंत की त्या उपासात गांधीजी जातील असं धरून सरकारने चंदनाची लाकडं आणून ठेवली होती, आणि पुढच्या वर्षी महाशिवरात्रीला, 22 फेब्रुवारी 1944, बा गेल्या तेव्हा तीच लाकडं वापरली गेली. बाहेर अंत्ययात्रा काढायला परवानगी नाही, म्हणून इथेच आवारात. मी त्यानंतर बराच वेळ काही बोलू शकले नाही, तुम्हाला वाटलं असेल मला बोअर झालं. तसं नव्हतं हो.

अजून एक. तुमच्यातल्या एका मुलीने विचारलं, कस्तुरबांना औषध नव्हतं का? इथे कुणीही "तेव्हा नव्हतं गं" म्हणून सुटलं असतं. तुम्ही खरं सांगितलंत. मुलाने, देवदासने, पेनिसिलिन मागवलं होतं, ते आलंही होतं, पण दर काही तासांनी सुया टोचायच्या आणि बा तर इतक्या खंगलेल्या, म्हणून गांधीजी नको म्हणाले. मुलगी म्हणाली, "मग त्यांनी चूक केली." तुम्ही म्हणालात, "असं वाटणारे पुष्कळ आहेत, तू लिही वहीत." बाई, मलाही तसंच वाटतं, आजही. पण गांधीजींच्याच आवारात उभं राहून सहावीच्या मुलीला हे म्हणू देणं, आणि तिला गप्प न बसवणं, ह्यासाठी माझा तुम्हाला साष्टांग नमस्कार. आमच्या वेळी असं काही बोललं तर प्रगतिपुस्तकात "उद्धट आहे" आलं असतं.

घरी आल्यावर धाकट्याने आजीला सगळी टूर दिली, म्हणजे त्याच्या पद्धतीने. 1892 साली आगाखानांनी पॅलेस बांधला तो दुष्काळात आजूबाजूच्या लोकांना काम मिळावं म्हणून, हे सांगितल्यावर आजी म्हणाली, मग ही तर रोजगार हमीच, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही पाहिलीय की! मग तिने तिचे खडी फोडण्याचे किस्से सुरू केले, जे ह्या पोरांनी आजवर एकदाही बसून ऐकले नव्हते. त्यालाही तुम्हीच जबाबदार.

थोरलीचं वेगळंच. ती आता विचारतेय की 6 मे 1944 ला सुटल्यावर गांधीजी गेले कुठे. मी शोधून सांगितलं की तिथून जवळच, येरवड्यातच, लेडी ठाकरसींच्या 'पर्णकुटी' बंगल्यात. आणि पॅलेस म्हणजे येरवडा जेल नव्हे, पुणे करार झाला तो त्या जेलमध्ये 1932 ला, हा घोळ आमच्या घरात निम्म्या लोकांचा होता तोही तिनेच निस्तरला.

तुम्हाला घाई होती, एसटीवाले हॉर्न मारत होते, एक पोरगा खादीच्या दुकानात अडकला होता आणि तुम्ही डोकी मोजत होतात, त्यात माझं "थँक्यू" तुमच्यापर्यंत पोचलं की नाही शंकाच आहे. म्हणून हे. मनापासून आभार, बाई. ते बाटलीचं झाकण मात्र आमच्याकडेच राहिलंय, हिरवं, ते थोरली देत नाहीये.

जाताना तुम्ही कुणाला तरी सांगत होतात की पुढच्या वर्षी नगरचा किल्ला करायचाय, नेहरू, पटेल, आझाद त्याच 9 ऑगस्टला तिकडे नेले होते म्हणून. तारीख ठरली की कुणाकरवी तरी कळवा. आमचा डबा आम्ही आणू, पोरं तुमच्या रांगेत शेवटी उभी राहतील, आणि डोकी मोजायला मी आहेच.

तुमची,
निळ्या कुर्त्यातली, कोथरूडची आई