भट्टीवरच्या काकांना उघडं पत्र

ती. काकांना सा. न. वि. वि.

खरं तर हे पत्र घरच्या पत्त्यावरच टाकणार होते. पण परवाच्या व्याख्यानानंतर चार जण येऊन म्हणाले, "मीनाचित्रं अशी कुणी उलगडून दाखवली नव्हती." उलगडून दाखवली होती तुम्ही, मी ती पुढे सांगितली एवढंच. कौतुक माझ्या पदरात पडलं, ते सगळ्यांदेखत तुमच्याकडे पोचतं करावं म्हणून इथे लिहितेय.

वाचणाऱ्यांना सांगते, काकांची सगळी नोकरी एनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्यात, भट्टीवर झाली. निळ्या काठाचे पांढरे मग, थाळ्या, दवाखान्यातले ट्रे. आणि मी बोलणार होते सतराव्या शतकातल्या युरोपातल्या मीनाचित्रांवर. सोन्याच्या पत्र्यावर काचेच्या रंगांनी काढलेले राजेराण्यांचे चेहरे, कित्येक तर जेमतेम तीन सेंटिमीटरचे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात झां पेतितोची चित्रं मी बघितली होती. हा मूळचा जिनिव्हाचा, जन्म १६०७चा. आधी इंग्लंडात पहिल्या चार्ल्सकडे आणि मग पॅरिसला चौदाव्या लुईकडे त्यानं काम केलं. त्याचे निळे-जांभळे रंग आजही कालच लावल्यासारखे दिसतात. त्याच काळातली चर्मपत्रावरची जलरंगातली लघुचित्रं मात्र मंद उजेडात जपावी लागतात, नाहीतर गालांवरची लाली उडते. असं का, याचं उत्तर पुस्तकांत शोधावं तर 'तेजस्वी', 'अलौकिक', 'मोहक' अशी विशेषणांची रांग. कलेवर लिहिणाऱ्यांना भट्टीचं एवढं वावडं का असतं कोण जाणे!

मी हे तुमच्यापाशी बोलले तेव्हा तुम्ही आतून एक जुना मग आणलात. त्याच्या काठाचा टवका उडालेला होता. हातात भिंग दिलंत आणि म्हणालात, "बघ, किती थर दिसतात ते सांग." वर पांढरा, त्याखाली काळपट निळा, मग पत्रा. खालचा थर कोबाल्टचा, तो लोखंडाला घट्ट धरतो. पांढरा बसतो त्याच्यावर. "सोनं भट्टीत काळं पडत नाही, म्हणून तुझ्या राजाला हा मधला थर लागत नसणार," असंही तुम्ही म्हणालात. घरी येऊन पडताळलं. तसंच आहे! १६३०च्या सुमारास झां तूतँ या फ्रेंच सोनारानं जी रीत बसवली, तिच्यात सोन्यावर थेट पांढरा मीना, म्हणजे तुमचं एनॅमलच, भाजून घेतात आणि त्यावर चित्र काढतात. तो पांढरेपणा तेव्हा कथलाच्या भस्मातून यायचा. रंगही सगळे धातूंचेच, निळा कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा, जांभळा मँगनीजचा. वितळून काच झालेल्या रंगाचं ऊन काय बिघडवणार?

दुसरी गोष्ट पाठीची. पत्र्याला एकाच बाजूनं मीना लावला तर थंड होताना काच आणि धातू सारखे आकसत नाहीत; पत्रा वाकतो, काचेला तडे जातात. म्हणून मागूनही लेप द्यायचा. संग्रहालयात ही चित्रं तोंड वर करूनच मांडतात, त्यामुळे ती पाठ कुणाला दिसतच नाही. पत्रा मधोमध किंचित फुगवलेला असतो तोही याचसाठी. मी ते आजवर निव्वळ सौंदर्य समजत होते.

आणि भाजणीचा क्रम! ज्या रंगांना आच जास्त लागते ते आधी, नाजूक रंग शेवटी. रंगाची पूड लॅव्हेंडरच्या तेलात कालवून लावायची, तेल पुरतं उडवून मगच भट्टीत. तुमच्याकडे ओला लेप न वाळवता आत ढकलला की फोड यायचे म्हणालात, तेच हे. साधारण आठशे अंशांची आच, काही मिनिटंच, पण एका चेहऱ्यासाठी पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी आधीचं सगळं काम पणाला.

पत्रा मोठा तर जोखीमही मोठी. चार्ल्स बोइट या मीनाचित्रकारानं इंग्लंडच्या राणी ॲनसाठी भलं मोठं मीनाचित्र करायला घेतलं, खास भट्टी उभारली, पण चित्र काही पुरं झालं नाही आणि कर्ज डोक्यावर घेऊन स्वारी फ्रान्सला पळाली. हा किस्सा मी सांगितला तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात, मग एकदम गंभीर होऊन म्हणालात, "भट्टी तरी बिचाऱ्याची नीट होती का?" पुढे १८११मध्ये हेन्री बोननं टिशन या जुन्या इटालियन चित्रकाराच्या एका चित्राची अठरा बाय सोळा इंचांची मीनाप्रत केली आणि ती २,२०० गिनींना विकली. म्हणजे कुणाला तरी ते साधलं.

पेतितोलाही कुणीतरी सांगणारा होता. राजवैद्य थिओडोर द मेयर्न. त्याला रसायनांचा नाद, आणि पेतितोच्या रंगांमागे त्याची मदत होती असं म्हणतात. व्याख्यानात मेयर्नचं नाव घेतलं तेव्हा तुमचंही घ्यायचं ठरवलं होतं. पण तुम्ही दुसऱ्या रांगेतून हातानं 'नको' म्हणालात. इथेही घेत नाही.

आता एक शंका राहिली आहे. सोन्यापासून करतात तो गुलाबी-लाल रंग आच कमी-जास्त झाली की का बदलतो? पुढच्या रविवारी येते, भिंग तेवढं काढून ठेवा. काकूंना नमस्कार.

तुमची,
भट्टीवर उशिरा आलेली विद्यार्थिनी